बोथट, परत

हिंगण्याची कंपनी बंद झाली तेव्हा
लिलावात माणसं लेथ बघत होती,
शेपर बघत होती, भिंतीवरचा पंखासुद्धा.
मी तराजूजवळ उभी राहिले.
बोथट कटर, किलोच्या भावानं.
साडेअकरा किलो.

बावीस वर्षं जाळीच्या खिडकीमागे होते.
पितळी टोकन घ्यायचं, कटर द्यायचा,
संध्याकाळी परत आला की अंगठ्यानं चाचपायचा
आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं:
बोथट, परत.
पुढे तो भिंतीपलीकडे, मुस्तकीमभाईंच्या खोलीत,
आणि दार आतून लागायचं.
धार लावताना ते कुणाला उभं राहू देत नसत.
मला तर नाहीच.
पण भिंत साडेचार इंची होती.

आता गोळीबार चौकात, आमच्या घरी,
बाबांच्या खड्डामागाचा खड्डा मी
मुरूम आणि काँक्रीटनं भरला.
आई म्हणाली, पाय कुठं सोडून बसशील?
म्हटलं, हे उभ्यानंच करायचं आहे.
त्यावर ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट,
लोहाओळीतून जेसीबीच्या सिलिंडरचा दांडा,
क्रोम असा की त्यात तोंड दिसावं,
चक्कीवाल्या परात्यांची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर
(दोन दिवस तिच्यातून ज्वारीचं पीठ उडत होतं),
दाताखाली टेकू म्हणून
कंपनीच्याच हजेरीच्या घड्याळाची स्प्रिंग,
आणि वाटणीसाठी लुनाचं मागचं चक्र.
छत्तीस दात.
चार धारांचा कटर, तर नऊ-नऊ मोजायचे.
भाचा म्हणाला, मावशी, तयार मिळते ना वो,
काहून जीव आटवून राहिली?
मी म्हटलं, नऊ मोज.

सात अंशांचा कल.
धारेमागे तेवढी जागा रिकामी सोडायची,
नाहीतर कटर कापत नाही, घासतो.
हे कुणी शिकवलं नाही.
चुकीच्या धारेचा कटर परत यायचा
तेव्हा त्याची पाठ चकाकत असायची.

मे महिना. पहाटे चारला डायलवर शून्य मिळवावं,
अकराला टिनाचं छप्पर तापतं
आणि काटा दोन शतांश सरकून बसतो.
कूलर त्याच्याकडे वळवला,
तर रात्रीतून बेअरिंगच्या घरावर गंज.
मग कूलर पुन्हा आईकडे,
आणि माझी ड्युटी चार ते नऊ.

पहिला कटर बारा एमएमचा, शेंड्यावर पंच केलेला
सतरा नंबर. रजिस्टरात एकशे सहा वेळा.
चाक टेकलं. बारीक, काळपट लाल ठिणग्या.
आडनाव निखारे, बाबांनी इथं नक्की विनोद केला असता.
मी ठिणग्या पाहिल्या नाहीत.
ऐकलं.
भिंतीपलीकडचा तोच आवाज,
आधी सुपात तांदूळ फिरावेत तसा,
मग बारीक होत होत
जवळजवळ नाहीच.
तिथं थांबायचं असतं.

मोमिनपुऱ्यात फोन लावला.
मुस्तकीमभाईंना आता मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत.
फोन चाकाजवळ धरला, एकेक दात फिरवला.
नऊ, नऊ, नऊ, नऊ.
मोटर बंद केली.
तिकडे बराच वेळ काही नाही.
एक मूल रडलं, कुठंतरी ताटली पडली.
मग म्हणाले,
"तिसरा दात जास्त खाल्ला बाई तुम्ही."

डायल लावून पाहिलं.
तीन शतांश.
उरलेले तीन त्याच्या बरोबरीला आणायचे होते.
मी मोटर सुरू केली.
फोन त्यांनीही ठेवला नव्हता.