गाफवरची रेघ

किनवटच्या विश्रामगृहात पडताळणीचा कॅम्प.
वर पत्रे, खाली चार खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल,
आणि मी टंकलेखक, राहणार भोकर.
माझा कुळदेव मला आजवर कुणी विचारला नाही.

प्रश्न : तुमच्या बोलीत देवाला काय म्हणतात?
उत्तर : पेन.
साहेबांनी माझ्या खिशाकडं पाहिलं आणि हसले.
राजुला मेसराम हसली नाही.
आज शुक्रवार. नर्सिंगची जागा सोमवारी जाणार.

प्रश्न : किती देवांचे तुम्ही?
उत्तर : सात.
प्रश्न : लग्नात काय काय करता?
तिनं थोडा विचार केला. खरं सांगायचं ठरवलं असावं.
उत्तर : थोरल्या बहिणीच्या लग्नात डीजे होता.

हे तिच्या विरोधात जाणार, मला कळलं.
साहेबांच्या पोराच्या लग्नातही डीजेच होता,
मीच गेलो होतो आहेर घेऊन.
त्यावरून कुणी त्यांची जात काढून घेतली नाही.

मग पन्नास सालाआधीचा कागद.
शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नव्हती.
निजामाच्या पाटवाऱ्यानं उर्दूत लिहिलेलं एक पान, झेरॉक्स,
नावापुढं जात.
नांदेडहून आणलेल्या मौलवीसाहेबांनी भिंग लावलं.
म्हणाले, गाफ असला तर गोंड.
पण गाफवर वर दोन रेघा लागतात,
इथं एकच दिसते. एक रेघ म्हणजे काफ.
काफ वाचला तर कोंड.
कोंड कोण, ते यादीत नाही.
दुसरी रेघ वाळवीनं खाल्ली,
की पाटवाऱ्याला त्या दिवशी जेवायची घाई होती,
देव जाणे. म्हणजे पेन जाणे.

तेव्हा दारातनं दौलू परधान आत आला,
हातात पिशवी, पिशवीत किंगरी.
साक्षीदार म्हणून त्याचं नाव यादीत होतंच.
म्हणाला, हिच्या घराची वंशावळ माझ्याकडं आहे,
बारा पिढ्या.
साहेब म्हणाले, दाखवा.
म्हातारा खाली बसला, फरशीवर,
घोड्याच्या केसांचा गज काढला,
तारांवर आडवा ठेवला.
साहेब म्हणाले, अहो, लेखी.

चहाच्या सुटीत संशोधन अधिकारी मॅडम
मला व्हरांड्यात सांगत होत्या :
कॅनडात, बर्फाच्या मुलखात, जमिनीच्या खटल्यात
एका म्हातारीनं पुरावा म्हणून गाणं म्हटलं कोर्टात.
वाडवडलांचं गाणं, तोच तिचा सातबारा.
न्यायाधीश म्हणाला, उपयोग नाही बाई,
माझा कान पत्र्याचा आहे.
मग? मी विचारलं.
मॅडमनी कप खाली ठेवला.
वरच्या कोर्टात पुढं ऐकून घ्यावं लागलं म्हणे.
पण तोवर कितीतरी वर्षं.
आमच्या डोक्यावर पत्रा तापून तडतडत होता.

दुपारून दौलूनं वाजवलं. परवानगी कुणी दिली आठवत नाही.
कदाचित कुणीच दिली नाही.
आवाज गोड नव्हता. जुन्या दारासारखा, करकरीत,
मधेच एखादं नाव लागायचं, मग डोंगर, मग नदी,
कुणाचा तरी बैल हरवला, कोण कुणाला शोधत
गोदावरीपलीकडनं आलं.
एका नावाशी राजुला पुटपुटली.
तिचा आजा असावा. किंवा आज्याचा आजा.
मला ऐकायची सवय आहे, बोटं आपसूक चालतात,
पण ह्याला कळ कुठली दाबायची?
मी टंकलं : साक्षीदाराने वाद्य वाजविले.
मग ते खोडलं.
मग परत तेच टंकलं.

निर्णय राखून ठेवला आहे.

गाड्या गेल्या. राजुला एस.टी.ला गेली,
दौलू चालत, इस्लापूरच्या बाजूला.
जाताना मला म्हणाला, मास्तर,
तुमच्या मशिनीत माझं एक तरी नाव उतरलं का?
मी मान हलवली. तीत होय होतं की नाही,
मलाच सांगता येणार नाही.

आता फाइल माझ्यापुढं आहे, दिवा पिवळा,
भिंगाखाली तो काफ,
त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी मोकळी जागा.
गजही असाच आडवा असतो तारांवर.
सकाळी सात वाजता पेटी बंद करून संभाजीनगरला पाठवायची.
पेन खिशात आहे.
टोपण केव्हा निघालं, पाहिलं नाही.