टिटवीची वेळ

सकाळ नौदलाची.
साडेआठ ते साडेबारा पट्टी त्यांची,
वरचं आभाळ त्यांचं, त्यातले ढगसुद्धा.
माझ्याकडे एक जीप, फटाक्यांची बंदूक
आणि लाल रेघांची नोंदवही:
वेळ, पक्षी, संख्या, उपाय.

दाबोळीच्या पठारावर बावीस वर्षं
मी पाखरं उडवतो.
घार हट्टी. बगळे समजूतदार.
टिटवी तेवढी ओरडत माझ्याच अंगावर येते,
जणू मीच घुसलोय तिच्या जागेत.
घुसलोय खरा.

माझा आजो, सोयरू, इथे काजी राखायचा.
मग पाखले आले, हातात मोजायची फीत.
काजी तोडल्या,
आणि काजी राखणाऱ्यालाच
त्या जागी चिरे फोडायला ठेवलं.
पट्टी झाली. विमानं थेट लिस्बनच्या दिशेने.
आजो म्हणायचा, मी वास्कोच्या पलीकडे गेलो नाही,
माझे चिरे तेवढे जाणाऱ्यांच्या चाकाखाली.

एकसष्टच्या डिसेंबरात वरून बॉम्ब पडले.
खड्डा असा, की बैल उतरला तर शिंगं दिसू नयेत.
त्याच सांजेला शिपाई दारात:
चल, माती टाक.
कंदिलाच्या उजेडात खड्डा भरला त्यानं,
आणि मध्यरात्री, दिवे न लावता,
बायकापोरं पोटात घेऊन दोन विमानं
ओल्या मातीवरून निघून गेली.
एका बाईची चप्पल राहिली.
आजीनं ती कितीतरी वर्षं न्हाणीत वापरली,
एकच.

आठवडा गेला नसेल, दुसरे शिपाई दारात:
चल, माती टाक.
तोच खड्डा. या वेळी नीट, दगडाचे थर देऊन.
मजुरी रुपयांत मिळाली, हातोहात.
पहिली एस्कुदोंत ठरलेली, ती यायची आहे.
मुक्तीच्या दिवसाबद्दल कोणी विचारलं
की आजो आधी ही बाकी सांगायचा,
मग मिशीत हसायचा.
पाखले गेले. पाखरं राहिली.
पाखरांसाठी नातवाला सरकारी नोकरी लागली.

दुपारी एकनंतर पट्टी कूस बदलते.
करडी विमानं शेडमध्ये तोंड घालून बसतात
आणि रंगीत शेपट्यांची रांग सुरू:
लाल खांद्यांचे रशियन, चुडा भरलेल्या नव्या नवऱ्या,
आखाताला निघालेला चिखलीचा एखादा फिटर.
आता त्यातलीही बरीच मोपाला वळली.
तारेच्या अलीकडे पेटी ऑफिसर सुकुमारन,
पलीकडे विमान कंपनीची लोरेता,
थर्मास एक.
कुठल्या नियमात बसतो तो चहा, विचारू नये.

माझी सुलक्षा पुण्याला नोकरीला निघाली
तेव्हा विमानात सांगितलं म्हणे,
हा संरक्षण दलाचा तळ आहे, फोटो काढू नयेत.
पट्टीच्या टोकाला जीपजवळ तिला मी दिसलो.
हात केला नाही मी, हातात बंदूक होती.
तिनं फोन पिशवीत ठेवला.
त्यामुळे घरात माझा कामावरचा फोटो नाही.
एवढं शिस्तीचं पोर
कोणाच्या पोटी आलं, कळत नाही.

आज कडेच्या खडीत अंडी दिसली.
चार. खडीच्याच रंगाची,
पट्टीपासून पंधरा पावलांवर.
नियम मला माहीत आहे,
खोलीतल्या फळ्यावर तो माझ्याच अक्षरात आहे.

साडेबारा. नौदलाचं शेवटचं उतरलं.
एक वाजता मुंबईचं.
मधला अर्धा तास कोणाच्याच कागदावर नाही.
डांबर तापलेलं, वारा समुद्राकडून,
टिटवी चालत आली, माझ्याकडे एकदा बघितलं,
पाय दुमडून बसली.

मी वही उघडली.
वेळ लिहिली. पक्षी: टिटवी.
संख्या: एक.
अंडी अजून पक्षी नसतात.
उपायाच्या रकान्यात थोडा थांबलो,
मग लिहिलं,
बाकी.