चढावर दोन्ही पाय

नाव व्हर्ना लाहटी. वय सेहेचाळीस.
धंदा पियानो लावण्याचा. गाव डुलूथ,
जिथे रस्ते सरळ सरोवरात उतरतात
आणि नोव्हेंबरात कधीकधी गाड्याही.

प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच वाक्य असायचं:
हुशार आहे, पण खिडकीबाहेर असते.
खिडकीबाहेरही मी नव्हते.
कुठे होते, ते अजून कळलेलं नाही.

यंदा एका बाईंनी चष्म्यावरून बघत
त्याला चार अक्षरी नाव दिलं
आणि पहिली गोळी.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला
डोक्यातले सगळे रेडिओ एकदम बंद.
मी स्वयंपाकघरात उभी, फ्रिजची घरघर ऐकत;
सुरापेक्षा केसभर खाली होती ती.
रडू आलं.
मग कराची नऊ पाकिटं फोडली, २०१९ पासूनची.

एक मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
माझी भीतीसुद्धा आधी माझ्यासारखीच वेंधळी होती,
कशाला आलो तेच अर्ध्या वाटेत विसरायची.
आता तीही शहाण्यासारखी रांगेत उभी,
हातात नंबराची चिठ्ठी:
एमेटची गाडी, बर्फावर.
काखेतली गाठ, जी गाठ नव्हतीच.
अकरा वर्षांपूर्वी मिसेस कोस्कींना मी काय बोलले.
आणि मी प्रत्येकीकडे
पूर्ण लक्ष द्यायचे.

जन्मभर एक ना धड;
आता नुसतीच धडधड.

म्हणून दुसरी. छोटी, पांढरी, रात्रीची.
'ही लगेच बोलणार नाही,' बाई म्हणाल्या,
'चार-सहा आठवडे. तोवर रक्तदाब लिहून ठेवा.'
लिहून ठेवा! मला सांगतात!
औषधाच्या दुकानातला टेरेल
दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून
पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, 'कॉफी किती?'
खरं सांगितलं.
'अर्धी करा.'
सगळ्यांत अवघड तेच गेलं.

भाऊ फोनवर: 'एक पळवायला, एक थांबवायला?
ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम?
इंजिन जळेल, व्हर्ना.'
आर्वो फ्लोरिडात राहतो. सपाटीवर.
म्हटलं, बाबांनी गाडी कुठे शिकवली, आठवतंय?
चढावर, लाल दिव्याला,
मागे ट्रकचं नाक, त्याच्या मागे गोठलेलं पाणी.
ब्रेक अलगद सोडायचा, तोवर दुसरा पाय तयार.
त्या चढावर दोन्ही पाय लागतात.
तो गप्प. मग म्हणाला, 'तू तीनदा बंद पाडलीस.'
'चारदा.'

मधल्या आठवड्यांचं फार सांगत नाही.
कोरडं तोंड, जांभया, पहाटे तीनला टक्क डोळे.
बाईंनी एक कमी केली, दुसरी वाढवली,
पहिली पुन्हा थोडी वाढवली.
माझ्याच धंद्यासारखं:
खुंटी फिरवायची, थांबायचं, ऐकायचं,
आणि खुंटी घाईत फिरवणाऱ्याची तार तुटते.

काल चर्चचा पियानो.
एकाच स्वराच्या दोन तारा, शेजारी शेजारी,
वाँव वाँव करत भांडणाऱ्या.
किल्ली फिरवली. लाट लांबली. अजून लांबली.
तेवढ्या वेळात छाती काय करत होती, लक्षात नाही.
खरं तर एवढंच सांगायचं होतं.
लक्षात नाही.

पंचम मात्र मी पुरता शुद्ध लावत नाही.
या वाद्यावर कुणीच लावत नाही.
तो एकटा शुद्ध झाला की बाकीचे बिनसतात.
थोडी डगमग ठेवावी लागते, मोजून.

बाहेर आले तर गाडीची चावी नाही.
पियानोच्या पोटात निघाली, जाड तारांवर,
सबंध वेळ तिथेच थरथरत.

आणि आता हा बुधवारचा कप्पा रिकामा,
की आज अजून मंगळवारच?
शंका आली तर दुसऱ्यांदा घ्यायची नाही,
एवढं पाठ आहे.
टेरेलचा फोन लागतोय.