गाळ

तीस वर्षं बंदराच्या ड्रेजरवर
मी समुद्राच्या तळाचा गाळ उपसला.
भाऊच्या धक्क्यापासून पीरपावपर्यंत
कुठे किती साचतो, सगळं पाठ.
म्हणून केईएमच्या त्या थंडगार खोलीत
डॉक्टर तांबोळींनी पडदा वळवला,
तेव्हा त्यांच्या आधी मीच बोललो,
"ही तर ओहोटीची खाडी."

मुख्य धार, तिचे फाटे, फाट्यांचे फाटे,
आणि डावीकडे उतरत्या वळणावर
सुतळीएवढं पाणी.
"नव्वद टक्के," ते म्हणाले.
"काढाल ना?"
एका गाळवाल्याने दुसऱ्याला विचारावं, तसं विचारलं.
"काढत नाही हो आम्ही.
दाबून बसवतो भिंतीला, वर जाळी.
गाळ तिथेच राहतो."

मग चौदा महिने.
आधी जिन्याच्या सहा पायऱ्या, मग अकरा,
मग कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत,
शैला दोन पावलं मागे,
मी पडलो तर झेलणार असल्यासारखी.
ती पंचेचाळीस किलोची.

गोराईला, मिठागरामागच्या पडीक शेतात
क्लेमेंट दरवर्षी शर्यत ठेवतो,
गणपती गेल्यावर, चिखल चांगला मुरला की.
चार फेऱ्या. बक्षीस एक बदक.
मी नाव दिलं ते शैलाला चार दिवसांनी कळलं.
ती काही बोलली नाही. बाजारातून
छातीचे ठोके मोजणारं घड्याळ आणलं,
माझ्या मनगटावर बांधलं, करकचून.
"एकशेपस्तीस. त्यावर गेलं की उतरायचं.
माझ्या गळ्याची शपथ."

शिट्टी वाजली.
चाळीस फुटांवर चाक थांबलं.
गियर एकवीस, सगळे शोभेचे.
चिखल साखळीत, ब्रेकमध्ये, दातांत;
पायडल मारावं तर आवाज येतो
म्हशीने खूर उपसल्याचा, पचाक,
आणि आपण तिथेच.
वांद्र्याची पोरं चकचकीत हेल्मेटं घालून
माझ्याआधी आडवी झाली, खोटं कशाला बोलू,
बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीत घड्याळ पाहिलं.
घड्याळ नव्हतं, एक ओला गोळा होता.
पुसायला गेलो त्या हाताने
आणखी लिंपलं.
आता शपथ होती, आकडा नव्हता.

मग शेताच्या मधोमध उभा राहिलो,
दोन बोटं मानेवर ठेवली,
गार, बरबटलेली,
आणि ऐकलं.
चौदा महिने मशिनींनी ऐकलं होतं,
कागदांनी, शैलाने रात्री कान लावून.
मी नव्हतं.
आमच्या बोटीवरचा जुना पंप असाच चालायचा,
एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि
चुकलेला नसायचा.

"काका, रुतताय! खांद्यावर घ्या!"
मागून एक दूधवाल्याचं पोर ओरडलं,
त्याची स्वतःची सायकल खांद्यावर,
कॅन अडकवायचे आकडे अजून तसेच.
घेतली.
पोटरीपर्यंत आत, एक पाय काढायचा,
दुसरा त्याच्यासाठी थांबतो.
हा चिखल ओळखीचा होता.
याचंच सगेसोयरं मी आयुष्यभर
बार्जमध्ये भरून लांब समुद्रात सोडून आलो,
आणि दर भरतीला ते परत आलं.

शेवटून दुसरा आलो.
शेवटचा जो, त्याची साखळी तुटली होती.
शैलाने टाळ्या वाजवल्या नाहीत.
तिच्या मुठीत जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी
चुरगळून पार मऊ झाली होती.
"घड्याळ दाखव."
ओढणीच्या टोकाला थुंकी लावून तिने काच पुसली,
बराच वेळ पाहिलं,
मग ओढणी सोडून दिली, मातीसकट.
आकडा तिने सांगितला नाही,
मीही विचारला नाही.

आठवड्याने केईएमला तपासणी.
छातीला वायर लावताना सिस्टर थांबली.
"हे काय, आजोबा? नीट आंघोळ करत नाही?"
केसांच्या मुळाशी राखाडी, वाळलेलं, चिमूटभर.
ती स्पिरिटचा बोळा शोधायला वळली.
मी नखाने खरवडून पाहिलं.
निघेना.