साठ पावलं पुढे

द्वारकेला तीन दिवस मी गाड्या मोजल्या.
दिवसाचे सातशे, वर एक वडापाव,
आणि पुलाच्या खांबाला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची,
जिचा एक पाय कुणीतरी सुतळीनं बांधला होता.

फॉर्मवर रकाने पाच:
दुचाकी, तिचाकी, हलकी, जड, इतर.
बैलगाडी इतर. बँडवाल्यांची ढकलगाडी इतर.
रस्ता ओलांडायला थांबलेली बाई कशातच नाही.
तिला मी समासात लिहिलं:
नऊ चार ते नऊ तेरा.
मग ती आली तशी परत गेली.

साडेआठला सगळ्या नाशिकला एकदम आठवतं
की आपल्याला कुठंतरी पोचायचंय.
पुण्याकडून येणारं, धुळ्याकडून येणारं,
पंचवटीतून उतरणारं, सारडा सर्कलहून रांगत येणारं
सगळं इथंच येऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतं.
माझ्या मुठीतलं यंत्र तेव्हा जवळजवळ गप्प असायचं.
टिक.
बऱ्याच वेळानं, टिक.

हवालदार सानप शिट्टी ओठांत ठेवूनच बोलायचे,
त्यांच्या शब्दांना कडेनं हवा लागायची.
"आकडे लिहा ताई, पण जरा बघा पण."
काय बघू?
"गाठ. नुसता दोरा ओढला तर घट्ट होती ती.
आधी बघायचं, बसलीय कुठं."

कार्यालयात मी पुढचा पूल पाहिला होता, संगणकावर.
पुलावर पूल, त्याच्या पोटातून भुयार,
सगळ्या गाड्या पांढऱ्या, सारख्या अंतरावर,
एकही रिक्षा नाही, कुणी थुंकत नाही.
मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुसतीच बघत बसले आणि दिसलं.
सिटीबस थांबते वळणाच्या अगदी तोंडाशी.
बसमधून उतरणाऱ्यांसाठी तिच्यामागं रिक्षा,
रिक्षांमागं सिन्नरचा ट्रक,
ट्रकमागं उरलेलं शहर, हॉर्नवर तळवा ठेवून.

थांब्याचा खांब सिमेंट भरलेल्या डब्यात उभा होता.
म्हणजे मुळं नव्हतीच त्याला.

रात्री साडेअकराला सानप आले, गणवेश न घालता.
इरफान कोकणी आपली रिक्षा आडवी लावून पहार घेऊन उतरला,
म्हणाला, माझाच धंदा हलवताय, तर हात तरी माझा लागू द्या.
मी मोबाइलचा उजेड धरला.
डबा कुशीवर पाडला आणि लोळवत नेला
टायरच्या दुकानापर्यंत, साठ पावलं.
पावलं इरफाननं मोजली,
मोजणी माझं काम असूनही.

तिसरी सकाळ. रस्ता मोकळा झाला असं मी म्हणणार नाही.
ट्रकचं एक चाक फिरलं. थांबलं. मग फिरतच राहिलं.
आणि माझा अंगठा दुखायला लागला.
टिकटिकटिक, टिकटिक, पाणी प्यायला उसंत नाही,
सानपांनी लांबून विचारलं, काय?
मी दुखरा अंगठाच वर करून दाखवला.

अहवालात एवढंच आलं:
तिसऱ्या दिवशी वाहनसंख्येत लक्षणीय वाढ.
साहेब खूश झाले. म्हणाले, बघा,
पूल हवाच.
समास कापून त्यांनी झेरॉक्स काढली होती.

पुढच्या आठवड्यात पत्र निघालं,
थांबा विनापरवाना हलवल्याबद्दल.
सानपांची बदली नाही झाली, नुसती विचारपूस झाली,
आणि दोन माणसं येऊन खांब मूळ जागी ठेवून गेली.
सरळ, ओळंब्यात, नवा रंग देऊन.

परवा तिकडून गेले.
खांब उभा आहे वळणाच्या तोंडाशी, एकटाच.
लोक टायरच्या दुकानापाशी थांबलेत, पिशव्या पायांत धरून.
बस येते, खांबापाशी किंचित हळू होते,
ओळखीच्याला मान डोलवावी तशी,
आणि पुढे जाते.