बारा व्होल्ट

मनोरीच्या खाजणालगत टेम्पो लावला.
विजेचा शेवटचा खांब मागे, फाट्यावर राहिला.
सुधन्वाने बॅटरीला चिमटे लावले,
लाल धनाला, काळा ऋणाला.
इन्व्हर्टर घुं करून जागा झाला
आणि एकोणीस इंचांत बातम्या उजाडल्या.

‘दोन तास ओढेल,’ म्हणाला,
जन्मभर लोकांचे मीटर वाचलेला माणूस.
पंखा बंद. दिवा बंद.
माझा फोनही उपटला.

हवामान सांगणाऱ्या बाईने
‘उद्या’ म्हटलं
आणि पडदा गेला.

काळ्या काचेत आम्ही दोघं, एक डास,
आणि उघड्या दारातून आलेले
खाडीपल्याडचे मालाडचे टॉवर,
मजल्यामजल्यावर निळं लुकलुकणारं.

मी म्हटलं, इंजिन सुरू कर ना.
तो ऐकेना. खिडक्या मोजत होता,
ओठांतल्या ओठांत,
युनिटांत.