बुचातल्या टाचण्या

माझं काम बोटांएवढंच.
बाटलीच्या बुचात टाचण्या रोवायच्या,
ज्याची त्याची खूण उमटेल अशा.
फेब्रुवारीत व्हॅनिलाची शेंग हिरवी, भरलेली असते,
तेव्हा बूच तिच्या अंगावर दाबायचं.
गोंदणच ते. शेंग वाळली, काळी पडली
तरी जात नाही.
चोरानं नेली तर बाजारात ओळखू येते.

अंबोदिमांगात अशी एकेचाळीस बुचं होती,
सगळी माझ्या हातची.
टोंबूची चांदणी, बेवोलाची तिरपी रेघ,
कालोझाराचे नुसते तीन ठिपके, चुलीच्या दगडांसारखे.
एकेचाळीस खुणा, एकेचाळीस राखणदार.
रात्रभर जो तो आपल्या वेलाखाली,
कोयता मांडीवर,
शेजारी खोकला तरी संशय.
आणि पिकायच्या आत सगळेच खुडायचो.
कच्च्या शेंगेला वास नसतो, वजन असतं फक्त,
आणि काटा अंतालाहाच्या व्यापाऱ्याचा.

पहिल्यांदा बोलली कालोझारा.
सभाबिभा नव्हती. भात सडत होती,
मुसळ खाली न ठेवता म्हणाली,
"फूल एका सकाळपुरतं उघडतं.
दुपारच्या आत ते काट्यानं जुळवायला
तू माझ्याकडे येतोस, मी तुझ्याकडे.
फळ धरताना सावड
आणि खुडताना चोर?"

मग दीना ठरली.
गावाच्या शब्दाला आम्ही दीना म्हणतो.
मोडणाऱ्याला दंड,
आणि दंडाहून वाईट, बायकांचा अबोला.
नऊ महिने भरल्याशिवाय शेंगेला हात नाही.
पहारा पाळीपाळीनं.
भातासाठी डोंगर जाळायचा नाही,
सावली गेली की वेलही जातो;
पडलेलं पान मुळाशी लोटायचं, पेटवायचं नाही.
हिरवं विकायचंच नाही:
एक कढई, एक तापमापक, साठ घोंगड्या
सगळ्यांत मिळून.
आणि खूण एकच.

इथं गाडं अडलं.
घोंगड्यांवरून कुणी भांडलं नाही,
खुणेवर तीन रविवार गेले.
"चांदणी माझ्या बापाची," टोंबू म्हणाला, आणि उठून गेला,
आणि परत येऊन बसला, कारण जेवण व्हायचं होतं.
शेवटी मलाच म्हणाले, तूच ठरव.
मी नऊ टाचण्या गोल रोवल्या.
लोक सांगतात, नऊ महिन्यांच्या नऊ.
सांगोत.
पहिल्या बुचाला माझ्या डबीत नऊच उरल्या होत्या.

पहिल्याच वर्षी जाओझांद्रीनं शब्द मोडला.
मे महिना, पावसाची रात्र,
पोत्यात अकरा किलो कच्च्या शेंगा.
पहाऱ्यावर मी.
पोरीला चौदा दिवस ताप, दवाखाना सांबावात,
हे त्यानं मला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.
शिट्टी ओठांशी नेली, खाली आणली.
मग वाजवली.
अजून कधीकधी त्या दोन्हींच्या मध्ये जाग येते मला.

खुडलेली शेंग वेलाला परत चिकटत नाही.
दंड लागला, पुरता.
आणि त्याच पानावर, खालच्याच ओळीत,
फंडातून त्याला उसने,
दंडाहून मोठा आकडा.
वाविसोआनं दोन्ही ओळी एकाच शाईत लिहिल्या,
मान वर न करता.
पोरगी आता घोंगड्या उन्हात घालते.

सहा किलो हिरवीची एक किलो काळी होते.
वजन घटतं तसा बेवोलाचा जीव घटायचा,
भाव हातात पडेपर्यंत.
यंदा चार घरांवर नवे पत्रे आले.
पाचवं माझं नाही.

तर यंदाचीच गोष्ट.
गोंदताना माझ्या बुचातली एक टाचणी निसटली,
गवतात गेली.
दोनशे शेंगांवर आठच ठिपके.
खरेदीदार शेंग उजेडात फिरवून म्हणाला,
"ही तुमची नाही."
कालोझारानं मोकळ्या जागेवर नख टेकवलं.
"आमचीच.
नववा ठिपका आमच्या गवतात पडलाय.
पटत नसेल तर
अनवाणी येऊन शोधा."